सतरा नंबरच्या गावातली बाई

शाल पांघरवून झाली, नारळ हातात देऊन झाला, गीताआत्यानं दोनदा डोळे पुसून झाले, तरी भगवानराव काही खाली बसेनात. दोन वर्षांनी त्यांनी धाकट्या भावाला सहकुटुंब आपल्या ओसरीवर बोलावलं होतं, आणि भाषण ठोकल्याशिवाय त्या बोलावण्याचं सार्थक कसं व्हायचं? माईक नव्हता, पण हात आपसूक हनुवटीपाशी जात होता.

"आपल्या घराण्यातली पहिली डॉक्टर," ते म्हणाले. "सुई टोचणारी न्हाई बरं का. मतांची डॉक्टर! कोण कुणाला मत देतं, कामून देतं, समदं आकड्यात धरून दाखवायली आपली संघप्रिया. माझ्या विलेक्शनच्या आधी झाली असती, तर मी पडलोच नसतो!"

सगळे हसले, पण जरा उशिरा. संघप्रिया शालीच्या आत घामाघूम झाली होती. एप्रिलचं ऊन, वर पत्रे, आणि त्यात हा पडण्याचा विषय. या घरात तो निघाला की लहान लेकरंसुद्धा उठून बाहेर जायची.

त्या पडण्याचं असं झालं होतं. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं तेव्हा पाच वर्षं भगवानरावांची बायको सत्यशीलाबाई गावची सरपंच होती. म्हणजे कागदावर. खुर्चीत भगवानराव, शिक्का भगवानरावांच्या खिशात, आणि पेडगाव फाट्यापासून तालुक्यापर्यंत लोक 'या सरपंच' म्हणायचे तेही भगवानरावांनाच. पुढच्या खेपेला आरक्षण बदललं, ते स्वतः उभे राहिले आणि तीन मतांनी पडले. तीन! आता माणिकरावांच्या घरात मतं किती? माणिकराव, त्यांची बायको शीलाबाई आणि लेक संघप्रिया. तीनच. एवढ्या बेरजेला कुठल्या विद्यापीठात जावं लागत नाही. भगवानरावांनी भर चावडीसमोर धाकट्या भावाला 'घरभेदी' म्हटलं आणि त्या दिवसापासून दोन घरांचं येणंजाणं तुटलं. विहारात वंदनेला बसले तरी एक भाऊ या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

खरं म्हणजे तिन्ही मतं भगवानरावांनाच पडली होती. पण मत दाखवता थोडंच येतं? माणिकरावांनी एकदा सांगून पाहिलं, मग गप्प झाले. पूर्णेला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून एकोणतीस वर्षं काढलेला माणूस, बोलण्यापेक्षा गप्प राहण्याची सवय जास्त.

आज मात्र भगवानरावांनीच पडतं घेतलं होतं. पुतणीच्या पदवीचं निमित्त झालं होतं. आत सत्यशीलाबाई खीर ढवळत होत्या, तिचा वास ओसरीवर येत होता. शीलाबाई दोन वर्षांनी जावेच्या घरात आल्या होत्या, त्या अजून भिंतीला पाठ टेकवून नव्हत्या बसल्या, अंग चोरून बसल्या होत्या. तरी बसल्या होत्या, हेच खूप होतं.

"बाबा, बसा आता," दत्ता म्हणाला. "मला बी एक इचारायचंय संघीला."

दत्ता भगवानरावांचा थोरला. जिंतूरला शाळेत गणित शिकवायचा, आणि गणित शिकवणाऱ्याला आपल्याहून कुणी जास्त गणित शिकलं की जरा टोचतंच. त्यानं पँटच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. संघप्रियानं लांबूनच ओळखले. त्या रकान्यांवर तिनं चार वर्षं काढली होती, तिला पाठमोरा कागदसुद्धा ओळखू आला असता.

"हे तुझं इंटरनेटवर हाय. समद्यांसाठी खुलं," दत्ता म्हणाला.

"हो. ठेवावंच लागतं, दादा. दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे, मी आकडे मनानं तर न्हाई ना लिहिले."

"मंग हे 'किती' इचारायचं आणि 'कोणतं' न्हाई इचारायचं, ते जरा बाबांना सांग की."

संघप्रियाला इथंच थांबता आलं असतं. पण आपल्या कामाबद्दल आपल्या माणसांनी कधी विचारलेलं नसतं, आणि विचारलं की जीभ सुटते. तिनं शाल खांद्यावरून सारली.

"काय हाय, आत्या, माणूस नाजूक गोष्ट तोंडानं कबूल करत न्हाई. मग आमी काय करतो, अर्ध्या लोकांना चार साध्या गोष्टी वाचून दाखवतो. प्रचारसभेला गेला होता का, उमेदवाराला घरी चहा पाजला का, असल्या. अर्ध्यांना त्याच चार, वर एक पाचवी नाजूक. अन् म्हणतो, यातल्या कोणत्या केल्या ते सांगू नका, किती केल्या तेवढं सांगा. मग दोन्ही गटांची सरासरी काढायची. जेवढा फरक, तेवढ्या जणांनी पाचवी केली. कुणी केली ते मलाबी कळत न्हाई."

"म्हंजी चोर किती ते कळलं, चोर कोण ते न्हाई," गीताआत्या म्हणाली.

"तसंच."

"मंग काय उपेग, बाई? भांडी तर गेलीच की!"

यावर मात्र सगळे वेळेवर हसले. माणिकरावसुद्धा हसले. लेकीकडं बघून हसले, आणि ते हसू बघून संघप्रियाला वाटलं, झालं, आता सगळं मार्गी लागलं.

"तुझी पाचवी गोष्ट कोणती व्हती?" दत्तानं विचारलं.

"घरातल्या कर्त्या माणसानं सांगितलं त्याच्या विरुद्ध मत दिलं का."

"आणि एखाद्यानं पाचातल्या पाच म्हणलं तर?"

संघप्रियानं शाल पुन्हा खांद्यावर ओढली. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच होतं. पाचातल्या पाच म्हणणारा माणूस उघडा पडतो, पद्धतीचं छप्पर त्याच्यापुरतं उडतं, असं तिनं लिहिलं होतं, आणि पुण्याच्या परीक्षकांनी त्या प्रकरणाचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. उदाहरण म्हणून तिनं एक ओळ दिली होती. गावाचं नाव नाही, बाईचं नाव नाही. तिला वाटलं होतं, नाव काढलं की माणूस लपतो.

"सतरा नंबरचं गाव," दत्ता वाचायला लागला. "विजयी उमेदवाराची आघाडी, तीन मतं. तुझ्या वीस गावांत तीन मतांनी पडलेला माणूस एकच हाय, संघे, आणि तो हितं बसलाय. वॉर्ड दोन. स्त्री. वय पंचावन्न ते साठ. शिक्षण सातवी. उत्तर, पाच." त्यानं कागद खाली ठेवला. "आपल्या वॉर्डात त्या वयाच्या सातवी झालेल्या बाया किती हायत, मोजा. दोनच. दोघी जावा. एक माझी माय. आणि एक..."

पुढं बोलायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना शीलाबाईंकडं वळल्या.

"म्हणलो नव्हतो मी?" भगवानरावांचा आवाज चढला. "दोन साल समदं गाव मलाच येडा म्हणायलं! सख्ख्या भावावर कसा डाव धरला म्हणायलं! घ्या, लेकीनंच लिहून ठेवलंय."

"दादा, जरा..." माणिकराव उठायला लागले.

"दादा म्हणू नको! आज मी पडतं घेऊन बोलवलं, शाल आणली, आणि तुमी माझ्याच दारात बसून माझी खीर खायला आलाव व्हय?"

शीलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी लेकीकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पण माझ्याकडं तर ही आलीच न्हाई. आपल्या घरात इचारायचं नसतं, असा त्यांचा कायदा हाय म्हणली व्हती. होय ना गं?"

होय, असा कायदा होता. सर्वे करणाऱ्यानं स्वतःच्या घरात फॉर्म भरायचा नाही. चुलत्याचं घर वेगळं, चूल वेगळी, म्हणून ते चाललं होतं. त्या वॉर्डाला नेमलेली विद्यार्थिनी तापानं पडली, म्हणून संघप्रियाच गेली होती. मोठीमाय, म्हणजे सत्यशीलाबाई, पाटावर बसली, पाचही गोष्टी नीट ऐकल्या आणि म्हणाली, "पाच." संघप्रियाचा पेन क्षणभर थांबला होता. मग तिनं पाच लिहिले होते.

दत्ताचे डोळे कागदावर गेले होते आणि त्याच्या कपाळावर आठी पडत होती. गणिताचा मास्तर तो. दोन बायकांतली एक गेली तर किती उरल्या, हे त्याला अजून एका मिनिटात उमगणार होतं. त्याच्या मागं उघडं दार होतं आणि दाराआड खिरीत पळी फिरायची थांबली होती.

संघप्रिया उभी राहिली.

"ती ओळ खोटी हाय," ती म्हणाली. "मी भरलीय ती."

"म्हंजी?"

"त्या वॉर्डात एक बाई कमी पडत व्हती. आकडा पुरा करायचा होता. मी घरी बसून, मनानंच भरली. अशी कुणी बाई न्हाई."

बोलली खरी, आणि बोलता बोलताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. अशाच गोष्टीवरून तिनं एका मुलीला कामावरून काढलं होतं, लिंबाखाली बसून फॉर्म भरते म्हणून. तेव्हा केवढी बोलली होती तिला! आणि आज भर बैठकीत, शाल अंगावर असताना, तोच चिखल ती स्वतःच्या हातानं तोंडाला फासून घेत होती. माय सुटेल, मोठीमाय सुटेल, एवढं एकच तिला दिसत होतं.

"हात्तिच्या!" भगवानराव मांडीवर थाप मारून हसले. किती हलकं झालं असेल त्यांना ते त्या हसण्यात कळत होतं. "म्हंजी समदी डॉक्टरकी अशीच? घरी बसून? आरं, मग हे तर मला बी जमलं असतं!"

"असं कसं केलंस गं?" गीताआत्या पुटपुटली. "एवढी शिकून?"

दत्तानं कागदांची घडी घातली. त्याला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, पण तो कुणाकडं बघेना.

माणिकराव जागचे उठून लेकीपाशी आले. "मनानं भरलीस?"

"हो, बाबा."

"मी एकोणतीस वर्षं सांधे बदलले," ते म्हणाले, फक्त तिलाच ऐकू जाईल असं. "पावसात, धुक्यात. कंटाळा आला म्हणून एकदा बी खोटी झेंडी दाखवली न्हाई. तुला मी हेच शिकवलं?"

तिला बापाच्या गळ्यात पडून सांगावंसं वाटलं, बाबा, नाही हो, मीही नाही दाखवली. पण ते सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती मान खाली घालून उभी राहिली. माणसाला न केलेल्या गुन्ह्याची लाज केलेल्याहून जास्त वाटते की काय कोण जाणे, तिचे कान भाजत होते.

"संघे," आतून आवाज आला. "आत ये."

सत्यशीलाबाईंनी गॅस बंद केला होता. खीर खाली लागली होती, करपल्याचा वास येत होता, पण त्या तिकडं बघत नव्हत्या.

"खोटं कामून बोललीस?"

"मोठीमाय, त्यांना कळलंच असतं. माय म्हणली ना, माझ्याकडं आलीच न्हाई. मग राहिलं कोण?"

"मी राहिले."

"म्हणूनच!" संघप्रियाचा आवाज फुटला. "चूक माझी हाय. तुला मी शब्द दिला व्हता, कुणालाच कळणार न्हाई म्हणून. पाचाला पाच म्हणणारा उघडा पडतो, हे मला ठाऊक होतं. त्याच रात्री ती ओळ काढून टाकायला पाहिजे व्हती. मी काढली न्हाई. उलट तिचंच उदाहरण लिहिलं, वाहवा घेतली. तू भोळेपणानं सांगितलंस, अन् मी..."

"भोळेपणानं?"

सत्यशीलाबाईंनी पळी ओट्यावर ठेवली.

"मी सातवी पास हाय, संघे. तूच लिहिलंयस की. पाच गोष्टी वाचल्यास, मी पाच म्हणले. त्यातली कोणती उरली, हे कळायला डॉक्टर व्हावं लागतं का?"

"तुला... ठाऊक व्हतं?"

"ठाऊक व्हतं म्हणून तर म्हणले. चार बी म्हणता आलं असतं. पाच साल सरपंच व्हते मी. एका सभेत कुणी मला इचारलं न्हाई, बाई, तुमचं काय म्हणणं हाय. सही कर म्हणलं की सही केली. तू आलीस, समोर बसलीस, पेन उघडून म्हणलीस, मोठीमाय, सांग. मला वाटलं, एका तरी कागदावर माझं खरं म्हणणं राहू दे. कुणी वाचो न वाचो." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरत चालला होता. "आणि आज बाहीर तू काय म्हणलीस? अशी कुणी बाई न्हाई."

चार वर्षं तिनं याच एका प्रश्नावर काढली होती, की बायका आपल्या मनानं मत देतात का आणि ते कसं मोजायचं. आणि मोजलेल्या बायकांतली एक समोर बसली होती तेव्हा तिला ती भोळी वाटली होती. लपवायची वस्तू वाटली होती. भगवानराव तरी वेगळं काय करत होते? संघप्रियाला इतकी लाज वाटली की तिला मोठीमायकडं बघवेना.

"मी जाऊन सांगते. खोटं बोलले म्हणते."

"तू काहीच सांगू नको. लय सांगितलंस."

सत्यशीलाबाईंनी हात पुसले, पदर नीट केला आणि त्या दाराबाहेर आल्या. ओसरीवर माणसं निघायच्या तयारीत होती. शीलाबाईंनी चपला पायात घातल्या होत्या.

"पोरगी खोटं बोलायली," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तिनं बराबर लिहिलंय. ती बाई मी हाय."

भगवानरावांच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "काय बोलायलीस? उन्हानं डोकं फिरलं का?"

"तुमच्या विरुद्ध मत टाकलं. मी. उन्हानं न्हाई, चांगलं इचार करून."

"माय!" दत्ता म्हणाला.

"तू गप बस. लय गणित झालं तुझं." त्या नवऱ्याकडं वळल्या. "आरक्षण बदललं त्या दिवशी मी तुमाला काय म्हणले व्हते? आठवतंय? मी म्हणले, राखीव नसलं म्हणून काय झालं, अवंदा बी मीच उभी राहते. पाच साल सह्या केल्या, आता काम करून बघते. तुमी हसलात. पोटभर हसलात. मंग शेजारच्या चंद्रभानला हाक मारून सांगितलंत, ऐक, आमची बाई काय म्हणायली. तो बी हसला."

भगवानरावांना ते आठवत होतं की नाही कुणास ठाऊक. अशा गोष्टी हसणाऱ्याला आठवत नाहीत.

पण माणूस राजकारणात मुरलेला. कोपऱ्यात सापडला तरी एक फट शोधतोच. त्यांनी माणिकरावांकडं बोट दाखवलं.

"मंग दोन साल मी ह्याला घरभेदी म्हणायलो. भर चावडीत म्हणलो. तवा तुझं तोंड कुठं गेलतं? हां? तवा आलती का शहाणपणाची?"

सत्यशीलाबाईंची मान इतका वेळ ताठ होती, ती आता खाली गेली. सगळ्यांना दिसली खाली जाताना.

"त्याचीच लाज हाय मला," त्या म्हणाल्या. "मताची न्हाई. मताची कधीच न्हाई वाटली. भाऊजींना तुमी बोललात, मी दारात उभी राहून ऐकलं अन् आत गेले, त्याची हाय."

माणिकराव खांबाला धरून उभे होते. त्यांनी लेकीकडं बघितलं, मग वहिनीकडं, आणि पुन्हा लेकीकडं. संघप्रिया दारातच थांबली. पुढं जाऊन बापाशेजारी उभं राहायची तिला हिंमत होईना.

शीलाबाईंनी पायातल्या चपला काढल्या नाहीत. तशाच त्या जावेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आक्का, दोन साल मी विहाराला तुमच्या दारावरून गेले न्हाई. मागच्या गल्लीनं गेले. उन्हाळ्यात बी, चिखलात बी."

"ठाऊक हाय," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मागच्या खिडकीतून रोज बघत व्हते."